बँजो नाही, ड्रम नाही, तरी ठेका पक्का: 'द डेव्हिड ग्रिसमन क्विंटेट' (१९७७)

ब्लूग्रास (अमेरिकेच्या दक्षिणेतलं तारवाद्यांचं संगीत) आणि जॅझ एकत्र ऐकायचंय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं, मेंडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमनच्या पाच जणांच्या बँडचा १९७७ सालचा अल्बम, 'द डेव्हिड ग्रिसमन क्विंटेट'. पाच माणसं, आठ ट्रॅक, सगळी वाद्यं तारांची आणि लाकडाची, गायक नाही, ड्रम नाही, इलेक्ट्रिक काही नाही, आणि ब्लूग्रास म्हटल्यावर सगळ्यात आधी जो आठवतो तो बँजोसुद्धा नाही. एवढं सगळं काढून टाकल्यावर उरणार काय असं वाटेल, पण जे उरलंय ते इतकं भरगच्च आहे की पहिल्या ट्रॅकला पाय ठेका धरतो तो अल्बम संपेपर्यंत सोडत नाही.

या अल्बमबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा सोलोंबद्दल, म्हणजे एकेकानं पुढे येऊन एकट्यानं वाजवण्याबद्दल, बोलतात, गिटार काय पळते, मेंडोलिन काय गोड वाजतं, आणि ते सगळं खरंच आहे, त्यात वाद नाही. पण माझं मत असं की ही दोन संगीतं इथे जुळलीत ती सोलोंमध्ये नाही, मागच्या साथीत जुळलीत. एक जण सोलो घेत असताना बाकीचे चौघं काय करतायत तिकडे कान लावा, म्हणजे हा रेकॉर्ड इतकी वर्षं का टिकला ते कळेल, आणि त्यानंतरचे असे कितीतरी प्रयोग अर्धा वेळ ब्लूग्रास आणि अर्धा वेळ जॅझ का वाटतात, एकाच वेळी दोन्ही का वाटत नाहीत, तेही कळेल.

आधी माणसं सांगते. मेंडोलिनवर स्वतः डेव्हिड ग्रिसमन, जन्म १९४५, न्यू जर्सीचा, म्हणजे ब्लूग्रास जिथलं त्या दक्षिणेतला नाही, उत्तरेकडच्या पोरांना साठच्या दशकात लोकसंगीताचं जे वेड लागलं होतं त्या लाटेतून आलेला. पुढे तो कॅलिफोर्नियात गेला, तिथे १९७३ मध्ये जेरी गार्सियाबरोबर 'ओल्ड अँड इन द वे' नावाच्या ब्लूग्रास बँडमध्ये वाजवलं (ग्रेटफुल डेड या रॉक बँडवाला गार्सिया, तिथे तो बँजो वाजवायचा), आणि गार्सियानंच त्याचं नाव 'डॉग' पाडलं. ते इतकं चिकटलं की या क्विंटेटच्या संगीतालाच पुढे लोक 'डॉग म्युझिक' म्हणायला लागले. गिटारवर टोनी राइस, फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवरच, डॅरल अँगर, दुसऱ्या मेंडोलिनवर टॉड फिलिप्स, आणि डबल बेसवर, म्हणजे उभं धरून वाजवायच्या खर्जाच्या मोठ्या तारवाद्यावर, बिल अमॅटनीक. रेकॉर्ड काढला कॅलिफोर्नियातल्या कलायडोस्कोप नावाच्या छोट्या कंपनीनं, आणि त्यांच्या कॅटलॉगमध्ये याचा नंबर आहे एफ-५. मेंडोलिनवाल्यांना हे वाचून हसू येईल कारण गिब्सन कंपनीच्या ज्या मेंडोलिनसाठी सगळे जीव टाकतात त्या मॉडेलचं नावही एफ-५ च आहे.

आता साथीचं म्हणजे नक्की काय म्हणतेय ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. ब्लूग्रास हे फार जुनं लोकसंगीत आहे असा पुष्कळांचा समज असतो, पण ते रेडिओच्या जमान्यातलं आहे, केंटकीतल्या बिल मन्रोनं उभं केलेलं. त्याच्या बँडचं नाव 'ब्लू ग्रास बॉइज', त्यावरून या प्रकाराचं नाव पडलं. १९३९ मध्ये तो नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात आला आणि १९४५ च्या शेवटी अर्ल स्क्रग्स तीन बोटांनी वाजवायचा बँजो घेऊन त्याच्या बँडमध्ये आला, तेव्हा आज आपण जे ब्लूग्रास म्हणून ओळखतो त्याचा आवाज पक्का झाला. मेंडोलिन, बँजो, फिडल, गिटार, बेस. ड्रम नाही. मग ठेका कोण धरणार? बेस पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वाजतो, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मेंडोलिनवाला 'चॉप' मारतो.

हा चॉप नीट समजून घ्या कारण सगळा अल्बम त्याच्यावर उभा आहे. मेंडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, सूर व्हायोलिनसारखेच लावलेले. डाव्या हाताची बोटं चारही जोड्यांवर दाबून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरायची, एकही तार मोकळी ठेवायची नाही, उजव्या हातानं पिकचा (तारा छेडायच्या छोट्या चकतीचा) एक सपकारा द्यायचा, आणि आवाज निघाला रे निघाला की डाव्या हाताची पकड ढिली करायची, बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा. म्हणजे कॉर्ड क्षणभर ऐकू येते आणि लगेच मरते, 'चक्'. सूर कमी आणि लाकडाचा टोला जास्त. आपल्याकडे मेंडोलिन म्हटलं की सिनेमाच्या गाण्यांमधलं ते थरथरणारं गोड वाजवणं आठवतं, त्यामुळे हेच वाद्य ड्रमचं काम करू शकतं हे पहिल्यांदा ऐकताना फार वेगळं वाटतं.

आणि खरी मजा पुढे आहे. जॅझचा ड्रमर डाव्या पायानं हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, बंद करतो ते कुठे? दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पॅरिसमध्ये १९३४ मध्ये गिटारवाला जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवाला स्तेफान ग्रापेली यांनी 'हॉट क्लब'चं क्विंटेट काढलं, व्हायोलिन, तीन गिटारी आणि बेस, तिथेही ड्रम नाही, आणि साथीच्या गिटारी ज्या 'पोंप' नावाच्या चालीत वाजतात तिचा जोर पुन्हा दुसऱ्या-चौथ्यावरच. म्हणजे केंटकीचं ब्लूग्रास, अमेरिकन स्विंग जॅझ आणि पॅरिसचं जिप्सी जॅझ ही तीन घराणी वरवर एकमेकांची कुणीही लागत नाहीत पण त्यांचा टोला एकाच जागी पडतो. ग्रिसमननं ही जागा पकडली. त्याला दोन संगीतं शिवून जोडायची गरजच पडली नाही कारण खालचा ठेका आधीपासून एक होता, वरच्या कॉर्ड आणि चाली बदलल्या की झालं.

पाच जणांचं क्विंटेट, सगळी तारवाद्यं, ड्रम नाही, ही मांडणी हॉट क्लबवरूनच घेतलेली आहे हे उघड आहे, आणि अल्बममध्ये तसा इशाराही आहे. दुसऱ्या ट्रॅकचं नाव 'स्विंग '५१'. जँगोच्या ट्यूनची नावं 'स्विंग ३९', 'स्विंग ४२', 'स्विंग ४८' अशी आहेत, ज्यांनी ती ऐकलीत त्यांना हे नाव वाचूनच कळतं की इथे नमस्कार कुणाला आहे. पण नुसती नक्कल नाही केलेली, हॉट क्लबच्या तीन गिटारींच्या जागी इथे एक गिटार आणि दोन मेंडोलिनं आहेत, त्यामुळे खालचा जाड खर्ज कमी होतो आणि सगळा आवाज हलका, कोरडा, चपळ होतो. मला स्वतःला हा आवाज जास्त आवडतो.

अल्बम उघडतो तो 'ई.एम.डी.'नं, पूर्ण नाव 'ईट माय डस्ट', आणि नावासारखाच ट्रॅक आहे, सुसाट. लय सरळसरळ ब्लूग्रासची, पण चाल अशी वळणं घेते की कुठल्याही जुन्या फिडल ट्यूनमध्ये ती सापडणार नाही. मुखडा सगळे मिळून वाजवतात आणि त्यात इतकी सफाई आहे की मेंडोलिन कुठे संपतं आणि फिडल कुठे सुरू होतं ते वेगळं काढायला कान टवकारावे लागतात. मग सोलो सुरू होतात. पहिल्यांदा ऐकताना सोलोच ऐका, त्याशिवाय राहवणारच नाही. पण नंतर कधीतरी हेडफोन लावून फक्त साथीची मेंडोलिन धरून बसा आणि तिचा चॉप मोजा. एवढ्या वेगात एक टोला पुढे नाही की मागे नाही, पण दर टोल्याचं वजन मात्र वेगळं, सोलो चढत गेला की चॉप कोरडा आणि कडक होतो, सोलो उतरला की जरा कॉर्ड जास्त ऐकू द्यायची. हे चांगल्या तबलजीसारखंच झालं, समोरचा काय करतोय ते ऐकून साथ करायची. हे नुसतं तालात वाजवणं नाही, आणि बरेच बँड इथेच कमी पडतात.

बेसचंही तसंच. ब्लूग्रासमध्ये बेसला काम ठरलेलं असतं, एक-तीन, एक-तीन, कॉर्डचा मूळ सूर आणि मग पाचवा. जॅझमध्ये बेस चारही मात्रांवर चालतो, दर मात्रेला नवा सूर, एका कॉर्डमधून दुसरीत पायऱ्या उतरल्यासारखा. या अल्बममध्ये बिल अमॅटनीक दोन्ही करतो आणि कधी बदलायचं हे इतक्या अलगद ठरवतो की पटकन लक्षातच येत नाही, फक्त अचानक वाटतं की अरे, आत्तापर्यंत हे गाडीसारखं धावत होतं, आता झुलतंय. तो बदल बऱ्याचदा बेसमधून येतो. चॉप तोच, लय तीच, बेस दोनाचा चार झाला की खोलीची हवाच बदलते. ब्लूग्रास आणि जॅझ यातला फरक काय असा लेखी निबंध वाचण्यापेक्षा हे एकदा ऐकावं.

आता टोनी राइस, कारण त्याच्याबद्दल न बोलता या रेकॉर्डबद्दल बोलणं शक्यच नाही. जन्म १९५१, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा, आणि १९७५ पर्यंत जे. डी. क्रोच्या 'न्यू साउथ' बँडमध्ये, म्हणजे त्या वेळच्या सगळ्यात चांगल्या ब्लूग्रास बँडमध्ये गिटार आणि गाणं दोन्ही करणारा. जम बसलेला, नाव झालेलं, आणि ते सोडून तो कॅलिफोर्नियात आला, जिथे गायचं नव्हतं, आणि कॉर्ड अशा होत्या ज्या ब्लूग्रासच्या गिटारवाल्याला कधी लागतच नाहीत. ब्लूग्रासची गिटार बहुतेक वेळा मोकळ्या तारांवर चालते, पट्टी बदलायची तर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावायचा आणि तीच बोटं ठेवायची. इथे सहावे, सातवे, नववे सूर घेतलेल्या कॉर्ड, दर दोन मात्रांना बदलणाऱ्या, त्यात मोकळ्या तारा चालत नाहीत, सगळ्या तारा दाबून, बोटं पडद्यांवर वर-खाली सरकवत वाजवायचं. ते त्यानं इथे शिकून घेतलं, आणि शिकून घेतलं म्हणजे असं की ब्लूग्रासचा उजवा हात तसाच ठेवला आणि डावा हात नवा केला. म्हणून त्याचे सोलो जॅझच्या गिटारवाल्यासारखे वाटत नाहीत. सूर जॅझचे, पण दर सूर पिकनं मोकळा, सुटा, ठसठशीत वाजलेला. मध्येच एखादा सूर अशा जागी जोरात येतो जिथे जोर अपेक्षितच नसतो, आणि तरी समेला माणूस बरोबर येऊन बसतो.

त्याच्या गिटारीबद्दल थोडं सांगायचा मोह आवरत नाही. १९३५ ची मार्टिन डी-२८, आधी क्लॅरेन्स व्हाइटची होती, ज्यानं ब्लूग्रासमध्ये गिटारला साथीतून काढून सोलोला आणलं त्यातला एक मोठा माणूस, १९७३ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं त्याला उडवलं. राइस लहानपणी क्लॅरेन्सला ऐकत मोठा झाला, ती गिटार त्यानं लहान असताना हातात घेतली होती, आणि १९७५ मध्ये शोधून काढून विकत घेतली. त्या गिटारीचं मधलं भोक नेहमीपेक्षा मोठं आहे, कुणीतरी आधीच कापून वाढवलेलं, त्यामुळे खालचे सूर घुमत नाहीत, कोरडे आणि स्पष्ट येतात. या क्विंटेटला नेमका असाच आवाज हवा होता, कारण खाली डबल बेस आहे, वर दोन मेंडोलिनं आहेत, मध्ये गिटारनं घुमायला सुरुवात केली तर सगळा चिखल होईल. राइस २०२० च्या डिसेंबरमध्ये गेला, नाताळच्या दिवशी. त्याच्या गाण्याचे चाहते जास्त आहेत आणि ते बरोबरच आहे, पण साथीची गिटार कशी असावी हे कुणाला शिकायचं असेल तर मी हाच रेकॉर्ड हातात देईन.

'ओपस ५७' माझा सगळ्यात आवडता. जी मायनरमधली ट्यून, थोडी उदास पण रडकी नाही, आणि तिची चाल एकदा डोक्यात बसली की दिवसभर निघत नाही. इथे दोन मेंडोलिनं का हवीत ते कळतं. मेंडोलिनवर तारांच्या जोड्याच चार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त चार सूर. जॅझच्या कॉर्डमध्ये पाच-पाच सूर असतात, मग काहीतरी सोडावं लागतं, बहुतेक मूळ सूर सोडतात कारण तो बेसकडे असतोच, कधी पाचवा सोडतात. एक मेंडोलिन खालची मांडणी धरते, दुसरी वरची, आणि दोन्ही मिळून जी कॉर्ड ऐकू येते ती एका वाद्यावर वाजवणं शक्यच नाही. टॉड फिलिप्सचं नाव या अल्बमच्या चर्चेत मागे पडतं ते मला पटत नाही. दुसऱ्या मेंडोलिनला सोलोचं कौतुक मिळत नाही, पण तो माणूस काढून टाकला तर हा बँड एक चांगला ब्लूग्रास बँड उरेल, बस. (पुढे तो बेसवर गेला आणि तिथेही नाव काढलं.)

बँजो का नाही, हा प्रश्न ब्लूग्रासवाले हमखास विचारतात आणि थोडे दुखावलेले पण असतात. माझ्या कानाला त्याचं उत्तर या रेकॉर्डमध्येच ऐकू येतं. स्क्रग्सच्या पद्धतीचा बँजो एकसारखा सुरांचा पाऊस पाडतो, मात्रांमधली एकही जागा रिकामी सोडत नाही, आणि तो जी कॉर्डवर जुळवलेला असतो म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी आनंदी मेजर कॉर्ड वाजते. ब्लूग्रासची सगळी धाव त्यातूनच येते. पण मायनरमधल्या, सारख्या सरकणाऱ्या कॉर्डमध्ये साथीला श्वास घ्यायला जागा लागते, चॉप आणि चॉपच्या मधली ती शांतता लागते. बँजो काढल्यावर ती मिळाली. बँजोवर जॅझ होत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, बँजोवाल्या बेला फ्लेकनं नंतर काय काय करून दाखवलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण १९७७ मध्ये, या पाच जणांमध्ये, बँजो नसणं हाच सगळ्यात मोठा निर्णय होता असं मला वाटतं.

डॅरल अँगरच्या फिडलबद्दल माझं मत थोडं मिश्र आहे. वाजवतो तो अफाट, ब्लूग्रासच्या फिडलची खरखर आणि ग्रापेलीचा रेशमी गोडवा यांच्यामध्ये त्यानं स्वतःची अशी जागा शोधलीये, आणि सोलोमध्ये तो सगळ्यात जास्त धोका पत्करतो. पण काही ठिकाणी वरच्या सुरांवर त्याचा आवाज जरा टोकदार होतो, आणि बाकी चार वाद्यं छेडून वाजवायची असल्यामुळे हे एकच लांबवून सूर धरणारं वाद्य जास्तच पुढे येतं. एक मात्र सांगायला हवं, फिडलच्या गजानं तारांवर टोला मारून मेंडोलिनसारखा चॉप काढायचा हे तंत्र रिचर्ड ग्रीन या फिडलवाल्यानं साठच्या दशकात बिल मन्रोच्या बँडमध्ये असताना काढलं, आणि ते पुढच्या पिढ्यांपर्यंत, पार जगभरच्या व्हायोलिनवाल्यांपर्यंत पोचवण्यात अँगरचा वाटा फार मोठा. आज कुठल्याही अकूस्टिक बँडमध्ये व्हायोलिन 'चक् चक्' करताना ऐकलंत तर त्याची मुळं या परिसरातली आहेत.

ग्रिसमन स्वतः सोलोमध्ये फार धावत नाही हे मला भावतं. जाड, गोल कडेचं पिक वापरतो, त्यामुळे मेंडोलिनचा जो नेहमीचा टिणटिण आवाज येतो तो येत नाही, सूर भरलेला आणि गोल येतो. मन्रोचा शिष्य म्हणता येईल असा त्याचा हात आहे, पण मन्रोची मेंडोलिन भांडल्यासारखी वाजते, ग्रिसमनची बोलल्यासारखी. एखादं वाक्य वाजवून तो चक्क थांबतो आणि साथीला दोन मात्रा बोलू देतो. थरथरता सूर, ज्याला ट्रेमोलो म्हणतात, तो अगदी मोजका वापरतो.

आता रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूकडे येते. 'न्यूमोनिया', 'फिश स्केल', 'रिकोशे' आणि शेवटी 'डॉग्ज रॅग'. खरं सांगायचं तर पहिल्या बाजूचा जोर इथे मध्येच थोडा ओसरतो. ट्यून वाईट नाहीत, पण बांधणी तीच तीच आहे, आधी मुखडा, मग एकामागून एक सोलो, मग पुन्हा मुखडा आणि संपलं. जॅझमध्ये हे चालतंच, ब्लूग्रासमध्येही तेच चालतं, पण इतक्या कल्पक लोकांनी एखाद्या ट्रॅकला ही चौकट मोडायला हवी होती. कधी दोघांनी मिळून सोलो, कधी साथ पूर्ण थांबवून एकटा बेस, असं काहीतरी अजून पाहिजे होतं. आणि मायनरचा रंग जरा जास्त झालाय, सलग ऐकलं तर सहाव्या-सातव्या ट्रॅकपर्यंत कान एखाद्या मोकळ्या मेजर ट्यूनची वाट बघायला लागतो. बेस पण रेकॉर्डिंगमध्ये अजून थोडा पुढे असता तर मी वर जे दोनाचं-चाराचं म्हटलं ते साध्या स्पीकरवर पण ऐकू आलं असतं, लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या स्पीकरवर ते निम्मं गायब होतं, त्यामुळे तसं ऐकून मत बनवू नका.

'डॉग्ज रॅग' मात्र सगळं भरून काढतो. रमतगमत जाणारी, थोडी खट्याळ लय, घाई कशाचीच नाही, आणि 'ई.एम.डी.'मध्ये जे पाच जण एकमेकांच्या पुढे धावत होते तेच इथे खुर्च्या टाकून बसलेत असं वाटतं. एवढा वेग दाखवल्यावर शेवटाला हा ट्रॅक ठेवणं फार छान. आणि संथ लयीत चॉप मारणं जास्त अवघड असतं बरं का, वेगात चुका लपतात, इथे एकेक टोला उघडा पडतो. इथे पण तो हलत नाही.

कुणी ऐकावा? जॅझ ऐकणाऱ्यांनी, ज्यांना वाटतं ब्लूग्रास म्हणजे नुसती गावाकडची धांगडधिंग्याची गाणी, त्यांनी नक्की. ब्लूग्रास ऐकणाऱ्यांनी पण, फक्त गायकांच्या उंच सुरातल्या हार्मनीची सवय असेल तर ती इथे मिळणार नाही आणि काही जणांना त्याशिवाय करमत नाही, ते मी समजू शकते. ज्यांना मागे लावून काम करायला काहीतरी संगीत हवं असतं त्यांच्यासाठी हा नाही, कारण कामाकडे लक्ष राहत नाही. आणि ज्यांना आपल्या शास्त्रीय संगीताची सवय आहे त्यांना एक गोष्ट खटकेल, सोलो लहान आहेत, आत्ता कुठे रंग चढतोय म्हणेपर्यंत दुसरा सुरू करतो. त्याला इलाज नाही, ब्लूग्रासमध्ये पाळी आली की थोडक्यात बोलायचं आणि बाजूला व्हायचं हीच शिस्त आहे, आणि ती एकदा अंगवळणी पडली की त्यातली गंमत पण कळायला लागते.

हा आवडला तर पुढचा १९७९ चा 'हॉट डॉग' घ्या, त्यात खुद्द स्तेफान ग्रापेली पाहुणा म्हणून दोन ट्रॅकवर वाजवतो, म्हणजे ज्याच्याकडून हे सगळं आलं तोच माणूस येऊन बसलाय, आणि सफाई पण आणखी वाढलीये. पण मला विचाराल तर ताजेपणा १९७७ च्याच रेकॉर्डमध्ये जास्त आहे, तिथे पाचही जण अजून एकमेकांना शोधतायत. टोनी राइस आवडला तर त्याचा 'मान्झानिटा' ऐका, तोही १९७९ चा, तिथे गाणी आहेत आणि तिथेही बँजो नाही.

मेंडोलिन किंवा गिटार शिकणाऱ्यांना एक सुचवते. या अल्बमच्या सोलोंच्या नोट्स शोधून त्या बोटांवर बसवत बसू नका, निदान आधी तरी नको. 'डॉग्ज रॅग' लावा, फक्त कॉर्ड काढा, आणि पूर्ण ट्रॅकभर त्यांच्याबरोबर दोन-चारचा चॉप मारत राहा. चॉप जमला, ट्रॅकच्या शेवटापर्यंत टिकला, की मग 'ओपस ५७' ला हात घाला, आणि 'ई.एम.डी.' अगदी शेवटी.